असल कुठली?

प्रवासवर्णनांत मोठ्या विमानतळांना बरीच जागा मिळते. लहान विमानतळांच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते. कारण उघड आहे. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नसते. एक बुटकी इमारत, एक धावपट्टी, लोखंडी बाके मांडलेले एक दालन, आणि बाहेर डोंगर किंवा समुद्र. गेल्या वर्षी इंडोनेशियाच्या पूर्वेकडील बेटांवर दहा दिवस हिंडणे झाले, आणि त्यातला बराच वेळ अशाच दालनांत विमानाची वाट पाहण्यात गेला. तिथे मला एक प्रश्न पुनःपुन्हा विचारण्यात आला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना तो नवा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी मुलगी नऊ वर्षांपासून सुराबायाला असते. तिच्याकडे जाणे झाले की जावा बेटातली देवळे पाहून मी परतत असे. या खेपेस तिनेच पूर्वेकडचा बेत आखला : सुराबायाहून तिमोर बेटावरील कुपांग, तिथून लहान विमानाने फ्लोरेस बेटावरील एंदे, पुढे मोटारीने घाटरस्त्याने माउमेरे, आणि तिथून परत. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या या देशात लहान विमान ही चैन नव्हे. ती तिथली एस. टी. आहे. जिथे प्रवासी थोडे आणि खर्च जास्त, अशा मार्गांवर सरकार अनुदान देऊन विमाने चालवते. त्यांना ‘पेरिंतिस’, म्हणजे वाट पाडणारी, म्हणतात. दहा-बारा आसनांच्या त्या विमानांत बसण्याआधी पेटीबरोबर माणसालाही काट्यावर उभे करतात. मेरपाती ही सरकारी कंपनी १९६२ पासून अशा वाटा चालवत होती. २०१४ मध्ये ती थांबली. आज या कामात पुढे असलेली सूसी एअर ही कंपनी सूसी पुजियास्तुती या मासळीच्या व्यापारी बाईंनी शेवंडी ताज्या असताना जाकार्ताला पोहोचाव्यात म्हणून २००४ साली उभी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्सुनामी आली आणि त्यांची विमाने मासळीऐवजी मदत घेऊन सुमात्राकडे गेली. पुढे २०१४ ते २०१९ या काळात त्या देशाच्या मत्स्यव्यवसायमंत्री होत्या.

या दालनांत मराठी माणसाला फार परके वाटत नाही. विमानतळाला तिथे ‘बंदर उदारा’ म्हणतात, म्हणजे हवेचे बंदर. फारसीतून आलेला तो ‘बंदर’ आपल्याही जिभेवर आहे. देशातले मोठे विमानतळ सांभाळणाऱ्या संस्थेच्या नावात ‘अंगकासा पुरा’ आहे, म्हणजे आकाशपूर. उशिराची घोषणा ‘कारना’ या शब्दाने सुरू झाली की पुढचे कळले नाही तरी काही कारण दिले जात आहे एवढे समजते. आणि बाकावर शेजारी बसलेला माणूस दोन मिनिटांत हसून विचारतो, ‘‘असाल दारी माना?’’ तुमची असल कुठली? आपण ज्या अरबी शब्दाचा ‘अस्सल’ केला, त्याच शब्दाने ते मूळगाव विचारतात.

माझी असल कुठली? आमचे घराणे वाईजवळच्या एका खेड्यातून गायकवाडांच्या चाकरीत बडोद्यास आले. माझी सहावी पिढी. त्या खेड्यात आमचे घर नाही, जमीन नाही. बडोद्यात मात्र अजूनही कोणी तरी ‘‘मूळचे कुठले?’’ असे विचारतो, आणि पुण्याला गेलो की ‘‘म्हणजे तुम्ही गुजरातचे,’’ असे ऐकावे लागते. तिथल्या प्रवाशांचे उत्तर मात्र तयार असे. देश नाही, बेट नाही, एकदम गावाचे नाव. ते सांगताना कोणी अडखळल्याचे मला दिसले नाही.

तिथल्या विमानतळांची नावे पाहतानाही हाच विचार मनात येई. बहुतेकांना त्या त्या मातीतल्या माणसांची नावे आहेत. माउमेरेचा विमानतळ फ्रान्स सेडा यांच्या नावाचा. ते फ्लोरेसचेच, आणि १९६८ ते १९७३ या काळात देशाचे वाहतूकमंत्री होते. सुराबायाचा विमानतळ जुआंदा यांच्या नावाचा. पंतप्रधान असताना त्यांनी १३ डिसेंबर १९५७ रोजी जाहीर केले की आमच्या बेटांमधला समुद्र हाही आमचाच देश आहे. तोवर परक्या जहाजांना मोकळे असलेले ते पाणी पुढे जगाच्या कायद्याने त्यांचे मानले. जावा बेटावरील योग्याकार्ता, मलांग आणि सोलो येथील तीन विमानतळांच्या नावांमागे तर आपलाही एक धागा आहे. आदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि आदिसुमार्मो हे तिघे २९ जुलै १९४७ रोजी औषधे घेऊन योग्याकार्ताला उतरत असताना डचांनी त्यांचे डकोटा विमान पाडले. ते विमान बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्सचे होते.

कुपांगच्या दालनात एंदेकडचे ढग निवळण्याची वाट पाहत आम्ही तीन तास बसलो. आमच्या समोर साठीच्या एक बाई होत्या. त्या भागात आईच्या वयाच्या बाईला ‘मामा’ म्हणतात. माझी मुलगीही त्यांना मामा म्हणू लागली, आणि मला उगाच हसू आले. त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेले एक जुने वस्त्र होते. चादरीचा कोपरा सरकला आणि मी पुढे वाकून पाहू लागलो. तांबूस-काळ्या जमिनीवर आठ पाकळ्यांच्या फुलांची चौकटबंद जाळी, आणि पदराला त्रिकोणांची रांग. सुती होते, हातमागाचे होते, रंग वेगळे होते. पण बडोद्यात राहून हे नक्षीकाम ओळखू येणार नाही असे होणार नाही. तो पाटणचा पटोला होता.

गुजरातचे पटोळे कित्येक शतके जहाजांतून या बेटांकडे जात. तिथे त्यांची किंमत मसाल्यांत होई. काही कुळांनी ते देवघरातल्या वस्तूंसारखे जपले, आणि त्यांची नक्षी तिथल्या विणकर बायकांनी आपल्या मागावर उतरवली. मी मुलीकरवी मामांना सांगितले की ही फुले आमच्या प्रांतातली आहेत. त्यांनी वस्त्रावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘नाही. हे आमच्या घराण्याचे आहे.’’

मी वाद घातला नाही. घालायचा तर कोणत्या तोंडाने? पाटणच्या साळवी विणकरांविषयी अशी आख्यायिका आहे की बाराव्या शतकात राजा कुमारपाल याने त्यांची सातशे कुटुंबे जालन्याहून आणवली. म्हणजे जिला आम्ही पाटणची असल म्हणतो, तीही मराठवाड्यातून उठून आलेली. जालन्याहून पाटणला, पाटणहून जहाजाने फ्लोरेसला, आणि तिथे पुन्हा कोणाच्या तरी घराण्याची. या वाटेवर ते वस्त्र खोटे कुठे झाले, हे मला सांगता येणार नाही.

मग मुलीने विचारले, ‘‘मामा, घरी काही कार्य आहे का?’’ त्यांनी सांगितले की धाकटा भाऊ त्याच विमानाने येतो आहे, खाली, सामानात. मलेशियातल्या तेलमाडांच्या मळ्यात तो अकरा वर्षे होता. पूर्वेकडची ही बेटे कोरडी आहेत, हाताला काम कमी आहे, आणि इथले हजारो लोक त्या मळ्यांकडे जातात. त्यांतले काही असे परततात. कुपांगच्या विमानतळावर मालाच्या फाटकाशी अशा शवपेट्या घेण्यास काही नन्स आणि स्वयंसेवक प्रार्थना करीत उभे असतात, इतके ते नित्याचे झाले आहे. ‘‘तिथेच का पुरले नाही?’’ असे मी विचारणार नव्हतो. पण मामांनीच सांगितले, ‘‘त्याची असल इथली. तो तिथे कसा राहील?’’

एंदेची धावपट्टी गावाला लागूनच आहे. शेजारी सपाट माथ्याचा गुनुंग मेजा, म्हणजे मेजाचा डोंगर. त्याला वळसा घालून विमान उतरले. आम्ही शिडीवरून उतरून चालत इमारतीकडे निघालो, तेव्हा मागे सहा माणसे पेटी उतरवून घेत होती. फाटकाबाहेर चाळीस-पन्नास नातलग होते. मामांनी ते वस्त्र उलगडले आणि पेटीवर पसरले. तोवर कोणी रडत नव्हते. वस्त्र पडले आणि बायकांचा आक्रोश सुरू झाला. सामानासाठी थांबलेले सगळे प्रवासी उभे राहिले. ते जाईपर्यंत कोणी आपली पेटी मागितली नाही.

त्याच गावात डच सरकारने सुकार्नोंना १९३४ ते १९३८ अशी चार वर्षे हद्दपार करून ठेवले होते. जावाचा तो माणूस, त्याच्या लेखी हा परमुलूख; पण देशाच्या पाच तत्त्वांची, त्यांच्या ‘पंचशीला’ची, कल्पना आपल्याला इथे सुचली असे ते पुढे सांगत. दुसऱ्या दिवशी ते घर पाहताना माझ्या मनात मात्र माझे वडील होते. ते गेले तेव्हा एका चुलत्यांचा आग्रह होता की अस्थी वाईला नेऊन कृष्णेत सोडाव्यात. आपली नदी ती. मी त्या चांदोदला नर्मदेत सोडल्या. वडिलांनी कृष्णा आयुष्यात दोनदा पाहिली होती. नर्मदेच्या पुरावर ते तासभर बोलत. चुलत्यांनी त्यानंतर बोलणे कमी केले. मामांच्या भावाला त्याची असल मिळाली, वडिलांना त्यांची मिळाली. दोन्ही उत्तरे वेगळी आहेत, आणि दोन्ही मला खरी वाटतात. एकाला जन्मगावाने बोलावून घेतले. दुसऱ्याने जिथे दिवस काढले ती नदीच आपली केली. नक्षी जपणाऱ्या हातांना जशी ती आपली म्हणता येते, तशी भूमीही जपणाऱ्याला आपली म्हणता यावी, एवढेच मला यातून उमगले.

माउमेरेच्या दालनात पुन्हा थांबावे लागले. पूर्वेकडे लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी आहे; नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या राखेमुळे हा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. तेव्हापासून तिथले लोक विमानाआधी आकाशाचा रंग पाहतात. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अपेक्षित प्रश्न विचारला. मी ‘‘बडोदा’’ म्हणालो. मुलीने माझ्याकडे पाहिले. एरवी त्या उत्तराला मी वाईची शेपटी जोडतो, हे तिला ठाऊक आहे.

थोड्या वेळाने मी तिला म्हणालो, ‘‘माझेही चांदोदलाच करा हो. आताच सांगून ठेवतो.’’

ती बराच वेळ धावपट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘ते करू, बाबा. पण माझं कुठे करायचं, ते मुलं विचारतील तेव्हा मी काय सांगू?’’

तिची मुले सुराबायात जन्मली आहेत. घरात ती मराठी बोलतात, अंगणात जावानीज, शाळेत इंडोनेशियन. माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर नव्हते, आणि ते माझ्याकडे असावे असेही आता मला वाटत नाही. विमान आल्याची घोषणा झाली. तिने माझी पिशवी उचलली आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.