मोज्यातलं कुसळ

साउथ जॉर्जिया बेटावर उतरायच्या आदल्या दिवशी मी प्रवाशांना जहाजाच्या हॉलमध्ये बसवते आणि एकेकाच्या हातात चिमटा देते. खिसे उलटे करा, वेल्क्रोच्या पट्ट्या उघडा, बुटांच्या तळाच्या खाचा बघा. ध्रुवप्रदेशातली गाइड म्हणजे बर्फातून रबरी बोट हाकणारी बाई, असं लोकांना वाटतं. बोट मी हाकतेच; पण बराच वेळ जातो तो बिया शोधण्यात. यंदा एका काकांच्या लोकरी मोज्यातून मी कुसळ उपसलं. राजगडाच्या वाटेवर घातलेले तेच मोजे. इतक्या दूर आपल्या डोंगरातलं गवत बघून क्षणभर जीव सुखावला, आणि लगेच मी ते पाकिटात बंद केलं.

फॉकलंडहून दोन दिवसांचा समुद्र ओलांडला की धुक्यातून एकदम हिमशिखरं वर येतात. ग्रिटविकनच्या खाडीत सरकारी अधिकारी जहाजावर येऊन पुन्हा बूट तपासतात. मगच किनारा.

ग्रिटविकन म्हणजे भांड्यांची खाडी. सीलची चरबी उकळायच्या जुन्या कढया इथे सापडल्या, म्हणून १९०२ मध्ये स्वीडिश मोहिमेने हे नाव दिलं. दोन वर्षांनी नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सनने देवमासे कापण्याचा कारखाना उभारला. आज गंजून तांबड्या झालेल्या टाक्यांमध्ये एलिफंट सील लोळत असतात. १९०४ ते १९६५ या काळात या बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. नोंदीतली सर्वांत लांब निळ्या देवमाशाची मादी इथलीच. एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढी. हे सांगताना मी लोकांना त्याच उताराशी उभं करते, जिथे ती धुडं ओढून आणत.

बहुतेक जण येतात ते ध्रुवप्रवासी शॅकल्टनच्या थडग्यासाठी. जहाज बर्फात चिरडल्यावर सात मीटरच्या होडीतून तो या बेटाच्या निर्जन बाजूला पोचला. तिथून दोन साथीदारांसह, बुटांच्या तळात होडीतले स्क्रू ठोकून, नकाशात कोरे असलेले डोंगर त्याने ३६ तासांत पार केले. २० मे १९१६ च्या सकाळी सात वाजता त्यांना भोंगा ऐकू आला. पलीकडच्या स्ट्रॉमनेसमधल्या कामगारांना देवमासे कापायला बोलावणारा भोंगा. तोच त्यांना माणसांत घेऊन आला. म्हणून थडग्याशी उभं राहून कारखान्याची गोष्ट गाळणं मला कधीच जमलेलं नाही. १९२२ मध्ये ग्रिटविकनच्या याच खाडीत जहाजावर तो वारला. दफनभूमीच्या पांढऱ्या कुंपणाआत आम्ही व्हिस्कीचा एक घोट घेतो, थोडी मातीवर सोडतो.

परतताना काकांनी विचारलं, एका कुसळाने असं काय होणार होतं?

मी त्यांना उंदरांचं सांगितलं. दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७५ मध्ये इथे उतरला, त्याच्या वर्णनाने सील मारणारी जहाजं आली, आणि जहाजांतून उंदीर. या बेटाशिवाय जगात कुठेच न सापडणारा इथला पिपिट पक्षी गवतात जमिनीवर घरटं करतो. अंडी-पिल्लं उंदरांनी फस्त केली, मुख्य बेटाच्या बहुतेक भागांतून तो नाहीसा झाला. २०११ ते २०१५ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकाव्या लागल्या. बेट उंदीरमुक्त झाल्याची घोषणा २०१८ मध्ये झाली.

तेवढ्यात गंजलेल्या पाइपांपलीकडच्या गवतातून एक बारीक, घाईची किलबिल उठली. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. चिमणीएवढा तपकिरी पक्षी सरळ वर उडाला, गात राहिला.

किनाऱ्यावर आम्ही बूट ब्रशने घासायला घेतले. शेवटची बोट निघायची वेळ झाली तरी काका एक पाय दगडावर टेकून टाचेतली खाच घासत होते.