मुलींची यादी अपुरी राहते

शाळेतली मैत्री टिकली तर उत्तम, नाही टिकली तर तिचं सुतक पाळू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. एका गावात जन्मलेल्या, एका वयाच्या, एका तुकडीत पडलेल्या मुलींनी जन्मभर एकमेकींना धरून राहावं असा कुठे नियम आहे? जी मैत्री खरी असते ती आपोआप तग धरते आणि बाकीची गळते, असं मी वर्गातही बोलून दाखवायचे. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे आधारही हाताशी होता. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकाने 1990च्या दशकात मांडलेला 150चा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. माणसाला एका वेळी साधारण दीडशे नातीच नीट सांभाळता येतात, त्यांतली अगदी जिवाभावाची तर पाचेकच, असं त्यांचं म्हणणं. मग दहावीच्या वर्गासाठी जागा उरतेच कुठे?

हे मत आता माझं राहिलेलं नाही.

1990च्या मार्चमध्ये आम्ही बार्शीतून दहावीची परीक्षा दिली. मुलामुलींची एकत्र शाळा. कुर्डुवाडीकडून येणारी अरुंद रुळांची छोटी गाडी तेव्हा धावत होती; आसपासच्या गावांतल्या मुली त्या गाडीने नाहीतर एसटीने शाळेत यायच्या. 2015मध्ये परीक्षेला पंचवीस वर्षं झाली म्हणून वर्गातल्या काही मुलांनी सगळ्यांना एकत्र जमवायचं ठरवलं. मुलांची यादी बघता बघता तयार झाली. एक जण मार्केट यार्डात वडिलांच्या अडत दुकानावर बसतो, त्याला निम्म्या वर्गाचे पत्ते ठाऊक. जे पुण्या-मुंबईला गेले त्यांचे आईवडील त्याच घरात, दारावर त्याच आडनावाची पाटी. दिवाळीला गावी आलेला मुलगा संध्याकाळी भगवंत मंदिराकडे चक्कर मारायचा, तिथे त्याला दुसरा भेटायचा. वर्षानुवर्षं एवढ्यावर त्यांची ओळख चालू राहिली होती.

मुलींची यादी माझ्याकडे आली आणि ती काही केल्या पुढे सरकेना.

फेसबुकवर शोधायचं तर कोणत्या नावाने? आडनाव बदललेलं. कित्येकींचं पहिलं नावही लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नव्याने लिहिलेलं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ज्या मुली होत्या त्या त्या नावाने जगात कुठेच उरलेल्या नव्हत्या. मी गल्लीतल्या वयस्कर बायकांना विचारलं, बांगड्या भरणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांच्याकडून कळायचं ते फार तर तालुक्याचं नाव. ‘तिला करमाळ्याकडे दिली’, ‘ती लातूरला असते, जावई साखर कारखान्यात आहेत’, एवढंच. मग भावांना फोन केले. काहींनी आनंदाने नंबर दिला. काहींनी आधी ‘कशाला पाहिजे?’ असं विचारलं, आणि दिलेला नंबर लावला तर पलीकडून तिचा नवरा बोलायचा. मी कोण, कुठली, काय काम आहे, हे सगळं सांगून झाल्यावर मग तिच्या हातात फोन जायचा. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीशी बोलायला मला तिच्या घरातल्या पुरुषांची परवानगी लागत होती.

माझं मत हललं ते इथे. गळते ती गळायचीच असते, असं मी म्हणत आले होते. पण या यादीतलं काहीच आपोआप गळलेलं नव्हतं. आमच्यात भांडणं झाली नव्हती, आवडीनिवडी बदलल्या नव्हत्या, कंटाळाही आला नव्हता. मुलींची नावं बदलली, गावं बदलली, आणि ज्या पत्त्यावर पत्र घालायचं तो पत्ता कोणीच कोणाला दिला नाही. 2011च्या जनगणनेत देशात 45 कोटींहून अधिक लोक जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडून राहत असल्याची नोंद आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण नोकरी नाही, शिक्षण नाही, तर लग्न आहे. हे स्थलांतर अर्थातच बायकांचं. आमच्या तुकडीतल्या काही मुलींची लग्नं दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात ठरली. तेव्हाही मुलीसाठी 18 वर्षांची अट कायद्यात होती. आणि हे जुनं झालं असंही म्हणता येत नाही: 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

ज्या डनबारांचा आकडा मी फळ्यावर लिहीत होते, त्यांचंच दुसरं काम मी तेव्हा पुन्हा नीट वाचलं. सॅम रॉबर्ट्स यांच्यासह त्यांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींचा दीड वर्ष पाठपुरावा केला होता. 2015 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नातेवाइकांशी असलेली जवळीक फारशी ढळली नाही, पण मैत्री सांभाळली नाही तर ती झपाट्याने ओसरली, असं त्यांना दिसलं. मला थांबवलं ते पुढच्या निष्कर्षाने. मुलांची मैत्री टिकली ती एकत्र काही केल्याने, खेळल्याने, फिरल्याने. मुलींची टिकली ती बोलल्याने.

आता हे बार्शीच्या मुलींना लावून पाहा. बोलायचं कसं? 1990च्या दशकात सासरी फोन असलाच तर तो बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे, पण नव्या सुनेने त्या वेळी बूथवर जाऊन मैत्रिणीला फोन लावावा, हे कोणत्या घरात चाललं असतं? पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घरातले सगळे वाचायचे. माहेरी यायचं ते दिवाळीला, एखाद्या लग्नाला, नाहीतर बाळंतपणाला, आणि ते दिवस आईचे. ज्या एका गोष्टीने मुलींची मैत्री टिकते तीच त्यांच्या हातून गेली होती. आणि मी पुण्यात, स्वतःच्या पगाराच्या फोनवरून, हा निसर्गाचा नियम आहे असं शिकवत होते.

यादीतली एक मैत्रीण सापडायला सगळ्यात उशीर लागला. तिची दोन्ही नावं मी इथे देत नाही. शाळेत ती खो-खोच्या संघात होती. ती पळणाऱ्या बाजूला असायची तेव्हा पाठलाग करणाऱ्या मुलीला तिच्या पाठीला हात लावणं मुश्कील व्हायचं, आणि ती मैदानावर असेपर्यंत आमचा सगळा वर्ग ओरडत उभा असायचा. ती भेटली तेव्हा तिचा नवरा वारला होता आणि ती त्याच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत अडकली होती. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता, पण त्यावर माहेरचं नाव. आधार कार्डावर सासरचं, तेही पहिल्या नावासकट वेगळं. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. या दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध कर, असं कार्यालयात तिला पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं. आमच्या वर्गातला एक जण बार्शीच्या कोर्टात वकिली करतो. त्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं, नाव बदलल्याची जाहिरात शासकीय राजपत्रात द्यायला लावली, शाळेतून रजिस्टरचा उतारा काढला. काम झालं. पंचवीस वर्षांपूर्वीचा वर्ग असा उपयोगी पडतो हे मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.

पण ती मला जे म्हणाली ते कागदांपेक्षा मोठं आहे. तिचे आईवडील गेले. हक्कसोडपत्रावर सही केल्यानंतर भावाकडचं येणंजाणंही उरलं नाही. ती म्हणाली, ‘माझ्या मुलींना वाटतं, मी पहिल्यापासून अशीच गप्प आहे. मी मैदानात पळायचे, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी खरं वाटत नाही. तू सांग त्यांना.’ मी तिच्या मुलींना सगळं सांगितलं. तिने कोणत्या सामन्यात किती वेळ कुणाला दमवलं, गुरुजी काय म्हणाले, आम्ही काय ओरडायचो. त्या दोघी आईकडे पाहत राहिल्या.

लग्नाआधीची बाई कशी होती हे आईवडिलांनंतर फक्त शाळेतल्या मैत्रिणींना ठाऊक असतं. नवऱ्याला नसतं, मुलांना नसतं, शेजारणींना नसतं. मी ज्याला गळू देण्यासारखं समजत होते, ते हे होतं. दीडशेच्या हिशेबात ती कुठे बसते हा प्रश्न मला आता महत्त्वाचा वाटत नाही.

जुन्या मतातलं थोडं मी अजून राखून आहे. सगळ्यांनी सगळ्यांशी संपर्कात राहावं असं मला आजही वाटत नाही. एका मैत्रिणीने नंबर मिळाल्यावर मला शांतपणे सांगितलं, ‘मला ग्रुपमध्ये घेऊ नकोस. ते दिवस माझ्यासाठी चांगले नव्हते.’ घरची परिस्थिती आणि जात यांवरून तिला वर्गात काय ऐकावं लागायचं ते मला आठवत होतं. तिचा नंबर मी कुणालाही दिला नाही. शोधणं हे आपलं काम, सापडायचं की नाही हे तिने ठरवायचं. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे संपर्क, हेही मला पटत नाही. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, निवडणुकीच्या दिवसांत वाद पेटतात, आणि बहुतेक मुली तिथे एक शब्दही लिहीत नाहीत. बोलणं एकेकीशी करावं लागतं, फोन लावून.

फोन लावताना हात अडखळतो. इतक्या वर्षांनी तिला काय वाटेल, कामात असेल, ओळखेल का. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा 2022मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे: आपण अचानक आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज माणसं नेहमी कमी धरतात. माझा अनुभव तंतोतंत तोच आहे. एकीनेही ‘आत्ता कशाला’ असं म्हटलं नाही. बहुतेकींनी पहिल्या वाक्यात मला शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली.

आमची मुलींची यादी आजही पुरी झालेली नाही. तुमच्या बॅचचं संमेलन ठरत असेल तर मुलींची यादी आधी करायला घ्या, मुलांची नंतर होतेच. यंदा दहावीला असलेल्या तुमच्या मुलीला मैत्रिणींचे नंबर त्यांच्या आईच्या नावासह वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि तुमच्या बहिणीची शाळेतली मैत्रीण तिचा नंबर मागायला आली, तर बहिणीला विचारून द्या, पण बहिणीचाच द्या.