पळसदेव आणि नातीचा गेम

मंडळी, या सुट्टीत नात बारामतीला आली ती लॅपटॉपवर चक्क आपलं पळसदेव घेऊन! ती गेम डिझाइन शिकतेय. बंगळुरूच्या एनआयडीत त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ("खेळ खेळायची कसली पदवी?" असं ज्यांनी मला फोनवर विचारलं, त्यांच्यासाठीच हे लिहितेय.)

आपण धडा वाचतो तसा तिथे खेळ वाचायचा. चित्रं तर बघायचीच, पण नियम काय सांगतो ते मुख्य. मला लगेच मोक्षपट आठवला. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा; शिकवण नियमातच बसवलेली.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा 'राजी' तिने दाखवला. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी महालांची नक्षी, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. डोळे निवले हो! पण नात म्हणाली, "आजी, हात काय करतायत ते बघ. इतक्या देखण्या महालात आपण सारखे लढतोच आहोत."

तर पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातलं हे जुनं गाव पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ अजून वर येतं. नातीच्या पहिल्या खेळात त्या देवळात शिरून सोन्याची नाणी वेचायची होती. मी म्हटलं, "बाई गं, माझ्या वर्गात धरणग्रस्तांची पोरं होती. त्यांच्या गावात तू नाणी पेरलीस?"

दोन दिवस फुरंगटली. मग नियमच उलटा केला. आता दर खेपेला पाणी एक पायरी चढतं आणि बैलगाडीत पाचच वस्तू मावतात. जातं, पाटा, देव्हारा, कणगी, दाराची चौकट, असं बरंच समोर असतं. मी जातं सोडलं आणि चौकट घेतली. का घेतली, ते तिला नीट सांगता येईना.

एक भांडण मात्र बाकी आहे. शेवटी 'पुन्हा खेळा' असं बटण येतं. मी म्हणते ते काढ, त्या लोकांना कुठे मिळालं होतं? ती म्हणते, "काढलं तर खेळणार कोण?" असो.

पळसदेवकडचं कुणी वाचत असेल तर कळवा, तुमच्या घरच्यांनी तेव्हा गाडीत काय काय घातलं होतं? नातीला यादी हवी आहे.