बॉनेटखालची आग

मोटारीच्या बॉनेटखाली लागणारी आग बहुधा दोन वाटांनी येते: एकतर गळणारे इंधन तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातील जळके वायू एकत्र आणणाऱ्या नळ्यांवर पडते, किंवा जादा दिव्यांसाठी नंतर जोडलेली तार घासून उघडी पडते आणि शॉर्टसर्किट होते. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास स्वतः वितळून जोडणी तोडणारा फ्यूज अशा हौसेच्या कामात अनेकदा वगळला जातो, आणि वाचलेले ते चार पैसे फार महाग पडतात.

प्रस्तुत लेखकाने खंडाळ्याच्या घाटात पाहिलेली आग या दुसऱ्या प्रकारातली होती. चढावर पुढच्या मोटारीतून धूर निघू लागताच चालकाने ती कडेला घेतली, इंजिन बंद केले, सर्वांना उतरवले आणि तो बॉनेट सताड उघडायला निघाला. तेव्हा त्याला अडवणे भाग होते, कारण कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली की ती भडकून उघडणाऱ्याच्या अंगावर येते. आतली कळ ओढल्यावर बॉनेट बोटभर उचलले जाते. पुढची कडी न सोडता त्याच फटीतून लेखकाच्या गाडीतील १ किलोच्या एबीसी अग्निशामकाचा फवारा मारण्यात आला. एबीसी म्हणजे घन पदार्थ, द्रव इंधने आणि ज्वलनशील वायू या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारे. त्यातील मोनोअमोनियम फॉस्फेटची भुकटी ज्वालेतील रासायनिक साखळी तोडते, मात्र तापलेल्या वस्तूला फारसे थंड करत नाही. ज्वाला विझल्या, पण बॅटरीला जोडलेली तार पुन्हा धुमसू लागली, आणि ऋण टोकाची जोडणी सोडवल्यावरच धूर थांबला.

एवढ्या आकाराचे अग्निशामक जेमतेम दहा सेकंद चालते, त्यामुळे ते डिकीत सामानाखाली ठेवणे व न ठेवणे यांत फारसा फरक नाही. चालकाच्या आसनाखाली ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवावे, दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे अधूनमधून पाहावे, आणि भुकटीचे गोळे होऊ नयेत म्हणून नळकांडे हलवावे. विजेवरील गाडीच्या लिथियम-आयन बॅटरीने पेट घेतल्यास ही भुकटी पुरी पडत नाही, त्या आगीला दीर्घकाळ भरपूर पाणी लागते. तेथे, तसेच ज्वाला बॉनेटबाहेर आल्या असतील तेथेही, गाडीचा मोह सोडून दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे.