अर्धं ऑपरेशन नको

बोक्याची नसबंदी म्हणजे किरकोळ काम, असं सगळे सांगतात आणि बहुतेक बोक्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. भूल द्यायची, पिशवीवर बारीक छेद घ्यायचा, टाकेसुद्धा लागत नाहीत, संध्याकाळी बोका घरी. आमच्या बंड्याचं तसं होणार नव्हतं, कारण त्याचं एक वृषण खाली उतरलंच नव्हतं.

बंड्या आणि त्याची बहीण चिंगी सांगलीच्या आमच्या घरी, माळ्यावरच्या जुन्या गोधडीत जन्मली. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी शेपटीखाली चाचपलं आणि म्हणाले, "ताई, याची एकच गोटी हाताला लागतेय. उजवी नाही." पिल्लाची वृषणं जन्माच्या सुमाराला किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत पोटातून पिशवीत उतरतात, दोन महिन्यांच्या पिल्लात ती सहसा हाताला लागतात. पण त्या वयात ती वर-खाली सरकतात, पिल्लू घाबरलं की आखडून वर जातात. त्यामुळे सहा महिन्यांचा होईपर्यंत थांबायचं ठरलं. शंभरात एखाद-दुसऱ्या बोक्यात असा दोष निघतो, पर्शियन मांजरांत जरा जास्त. बंड्या मात्र साधा गावठी, करड्या पट्ट्यांचा.

सहा महिने झाले तरी उजवी बाजू रिकामीच. चिंगीचं ऑपरेशन तोवर उरकून घेतलं होतं, कारण बंड्यानं तिची मान धरायला सुरुवात केली होती. दाराच्या चौकटीवर, तांदळाच्या डब्यावर धार मारणंही सुरू झालं. तो दर्प फिनाईलनंही जात नाही.

ज्या दवाखान्यात आधी विचारलं तिथं उत्तर मिळालं, "खाली आहे ते काढून टाकतो. पोटातलं तसंही निकामी असतं, कशाला पोट फाडायचं?" सासूबाईंनाही ते पटलं. "मुक्या जीवाला एवढं कापायचं कशाला गं?" त्यांच्या बोलण्यात माया होती, म्हणून मला शांतपणे समजावून सांगावं लागलं. पोटातल्या उष्णतेनं त्या वृषणात शुक्रजंतू तयार होत नाहीत, एवढं खरं. पण त्यातून नराचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, स्रवतच राहतं. धार मारणं, मारामाऱ्या, भाटीच्या मागं रात्र-रात्र बाहेर राहणं, हे सगळं त्याच्यामुळे होतं. खालचं काढलं असतं तर बोका बाहेरून नसबंदी झालेला दिसला असता आणि वागला असता पूर्ण बोक्यासारखा. शिवाय आत राहिलेल्या वृषणाला पीळ पडण्याचा किंवा पुढं त्यात गाठ होण्याचा धोका असतो. बोक्यांत तो क्वचित, कुत्र्यांत जास्त. पण आपण होऊन तो का ठेवायचा?

म्हणून कोल्हापूरला एका शल्यचिकित्सक बाईंकडे नेलं. त्यांनी मला टेबलाशी बोलावून दाखवलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. गुंगीत असलेल्या बंड्याचं लिंग हलकेच बाहेर काढलं, तर त्यावर बारीक काट्यांच्या ओळी होत्या, मांजराच्या जिभेवर असतात तशा. "हे काटे टेस्टोस्टेरॉनमुळे येतात. दोन्ही वृषणं निघाली की काही आठवड्यांत जातात," त्या म्हणाल्या. नसबंदी झाली असं सांगून कुणी बोका आणला, पिशवी रिकामी असली आणि काटे मात्र शाबूत असले, की आत काहीतरी राहिलंय हे त्या लगेच ओळखतात.

पूर्ण भूल चढल्यावर त्यांनी जांघ पुन्हा चाचपली. तिथं अडकलेलं असतं तर वरच्यावर छेद घेऊन भागलं असतं. बंड्याचं पोटात होतं. अशा वेळी अंदाजपंचे शोधत बसायचं नसतं. मूत्राशयाजवळ शुक्रवाहिनी सापडते, ती धरून मागं मागं गेलं की तिच्या टोकाला वृषण मिळतं. नंतर त्यांनी दोन्ही गॉजवर शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. डावं टणक, भरलेलं, गुलाबी. उजवं निम्म्याहून लहान आणि मऊ. एवढ्याशासाठी पोट उघडावं लागलं होतं, पण ते बाहेर आलेलं डोळ्यांनी पाहिलं तेव्हा माझ्या जिवाला स्वस्थता मिळाली.

घरी आल्यावरची काळजी भाटीच्या ऑपरेशननंतर घेतो तशीच. पोटावर टाके, म्हणून उड्या बंद आणि गळ्यात कॉलर. कॉलरमध्ये त्याला जेवता येईना, तेव्हा जुन्या टी-शर्टची बाही कापून चार पायांना भोकं पाडली आणि त्याचं झबलं केलं; ते त्यानं निमूट घालून घेतलं. वाळू जखमेला चिकटू नये म्हणून शौचाच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे. शेजारच्या काकांनी जिव्हाळ्यानं तापाची गोळी आणून दिली होती, ती मी हात जोडून परत केली. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अगदी थोडं दिलं तरी जीव जाऊ शकतो. दुखण्यावरचं औषध डॉक्टरांनी दिलेलं, तेवढंच द्यायचं.

चौकटीवरच्या धारा हळूहळू थांबल्या. मुताचा तो उग्र वासही काही आठवड्यांत गेला.

रस्त्यावरच्या बोक्यांचा विचार मनातून जात नाही. त्यांची नसबंदी झाली की कानाचं टोक छाटून खूण करतात. एक वृषण आत ठेवून कान छाटला, तर त्या बोक्याला पुन्हा कुणी पकडणार नाही आणि तो आयुष्यभर भांडत, जखमा चाटत फिरत राहील.

तुमच्या पिल्लाला लसीला न्याल तेव्हा दोन्ही वृषणं उतरली आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. एक आत असेल तर दोन्ही एकाच वेळी काढायला सांगा. जमणार नसेल तर दुसरा डॉक्टर शोधा. आणि काही कारणानं एकच काढावं लागलं, तर कोणत्या बाजूचं आत राहिलंय, हे फाइलवर लिहून घ्या.