राष्ट्रपतींची स्वारी

२६ जानेवारी २०२४. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही निमोण्यातील एका घरी चहाला थांबलो होतो. दूरदर्शनवर कर्तव्यपथ दिसत होता. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसमवेत बग्गीतून येत होत्या. घरातल्या आजींनी पदर सावरून हात जोडले आणि म्हणाल्या, "फादर, आपल्यासारख्याच घरची लेक हो ती!" त्यांचे डोळे भरून आले होते, आमचेही कोरडे राहिले नाहीत.

फाळणीच्या वेळी ही बग्गी भारताला की पाकिस्तानला, याचा निकाल म्हणे नाणेफेकीने लागला. २६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद बग्गीतूनच आयर्विन स्टेडियमवरील संचलनाला गेले. व्हाइसरॉयच्या थाटाचे वाहन आणि आत बिहारच्या खेड्यातला माणूस! १९८४ साली इंदिरा गांधींची हत्या झाली आणि बग्गीच्या जागी बंद काचांची मोटार आली. प्रणव मुखर्जींनी २०१४ साली 'बीटिंग रिट्रीट'च्या वेळी तिला पुन्हा बाहेर काढले. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाला मात्र ती चाळीस वर्षांनी आली.

मिरवणुकीचे आम्हां कॅथलिकांना वावडे नाही. झावळ्यांच्या रविवारी आपण तेच करतो. पोप सहावे पॉल १९६४ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या मोटारीच्या वाटेवर सर्व धर्मांचे लोक उभे होते. ती मोटार त्यांनी मदर तेरेजांना देऊन टाकली आणि व्यवहारचतुर मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामी लावला! पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोपमहोदयांच्या वाहनालाही काचेची भिंत आली. तेव्हा बंदोबस्ताची टवाळी करणे आम्हांला रुचत नाही.

मात्र संचलनाचा रस्ता वर्षातून एकदा, आधी सांगून अडवला जातो. गाड्यांच्या ताफ्याचे तसे नसते. जून २०२१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद रेल्वेने कानपूरला आले. जन्मगावाच्या ओढीने निघालेला हा प्रवास. त्यांच्या ताफ्यासाठी शहरात वाहतूक रोखली गेली आणि रुग्णालयाकडे निघालेली एक आजारी महिला त्या खोळंब्यात अडकली. ती वाचली नाही. पोलिसांनी जाहीर माफी मागितली, राष्ट्रपतींनीही दुःख व्यक्त केले. त्यांच्या मनाला ते लागले असणार, याविषयी आम्हांला शंका नाही. पण मोटारीत बसलेल्याला मागे काय अडकले आहे ते दिसत नाही.

ते दिसते चौकातल्या शिपायाला. जून २०१७ मध्ये बंगळूरच्या ट्रिनिटी चौकात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींचा ताफा येत असताना गर्दीत एक रुग्णवाहिका अडकलेली वाहतूक पोलीस अधिकाऱ्याने पाहिली. त्याने आधी तिला वाट काढून दिली. वरिष्ठांनी त्याला जाब विचारला नाही, उलट बक्षीस दिले. हुद्द्याने फौजदार असलेल्या त्या माणसाने काही क्षणांत जे ठरवले, ते ठरवायला मोठमोठ्या सभांना महिने लागतात.

आमच्या धर्मग्रामाच्या सणाची मिरवणूकही मुख्य रस्त्यावरूनच जाते. यंदा दोन तरुणांना मेणबत्त्या न देता शिट्ट्या द्यायचे ठरले आहे. एकाने पुढे चालायचे, एकाने मागे. रुग्णवाहिका आली, की क्रूससुद्धा बाजूला घ्यायचा.