पावसाच्या तालुक्यात फायबर

सत्तरी तालुक्यात एखादी नवी सोय दाखल झाली, की तिचा खरा कस पावसाच्या नक्षत्रांतच लागतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या वाळपईची गणना गोव्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत होते, आणि येथे छपरावर, तारेवर किंवा खांबावर जे जे म्हणून अवलंबून असते, ते आषाढात टिकले तरच त्याला सोय म्हणावयाचे. म्हणून दूरचित्रवाणी व इंटरनेट ही दोन्ही एकाच फायबरवरून देणारी जोडणी घेण्याचे घरात ठरले, तेव्हा मी ती मुद्दाम मृगाच्या तोंडावर बसवून घेतली, आणि पाऊस सरेपर्यंत जुनी डिश उतरवावयाची नाही, एकाच संचाला दोन्ही जोडून तुलना प्रत्यक्ष पाहावयाची, अशी तजवीज केली.

पावसाचे आणि चित्राचे हे वैर आमच्या परिचयाचे आहे. १९८७ साली दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा ज्या शेजाऱ्यांच्या ओटीवर सारा वाडा जमे, त्यांच्या कौलांवरील ॲण्टेना वाऱ्याने फिरली की पडद्यावर मुंग्या येत, आणि मग एकाने वर चढून ती वळवावी व खालच्यांनी ‘आले, गेले’ असे ओरडून सांगावे, हा क्रम चाले. पुढे डिश आली. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने आपली निःशुल्क उपग्रहसेवा सुरू केल्यावर तर डोंगराआडच्या वाड्यांवरही चित्र पोहोचले, आणि तो उपकार विसरण्याजोगा नाही. परंतु सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून निर्विघ्नपणे येणारा तो क्षीण संदेश अखेरच्या चार-पाच किलोमीटरांत पावसाच्या थेंबांकडून शोषला आणि विखुरला जातो. कारण ज्या सूक्ष्मलहरींवर तो आरूढ असतो त्यांची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर असते, आणि एवढ्या आखूड लहरींना मुसळधार पावसातून निभावून जाणे कठीण पडते.

फायबर घरात आले ते मी जवळून पाहिले. तंत्रज्ञ तरुणाने ओटीवर बसून काळ्या तारेचे वेष्टन सोलले, आतून निघालेला काचेचा तंतू अल्कोहोलने पुसला, कटरने काटकोनात छाटला, आणि दोन टोके स्प्लायसिंग मशिनच्या खाचेत समोरासमोर ठेवली. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर ती जाड दांड्यांसारखी एकमेकांकडे सरकताना दिसली, क्षणभर विजेची ठिणगी पडली, आणि सांधा असा एकजीव झाला की त्याची जागा ओळखू येईना. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा. तरी १४९० नॅनोमीटरच्या लहरीवरून घराकडे येणारा आणि १३१० च्या लहरीवरून घरातून जाणारा, असे दोन्ही प्रवाह त्यातून परस्परांना न अडविता वाहतात. मीटरवर उणे १९ चा आकडा उमटला. “पॉवर बरो आसा, काका,” तो म्हणाला. हाच आकडा उणे २७ च्या खाली उतरला तर मोडेमला प्रकाश ओळखू येत नाही, हेही त्याने समजावून सांगितले.

आषाढातील एका रात्री पागोळ्यांच्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येईना, तेव्हा डिशच्या जोडणीवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकत होती, आणि फायबरवर आईचे कीर्तन निर्वेध चालू होते. मला मनापासून आनंद झाला. काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला पाऊस भिजवू शकत नाही, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि वाळपईच्या पावसात डोळ्यांनी पाहणे निराळे.

मात्र वीज गेली की मोडेमही निजतो. आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाणे ही नित्याचीच बाब असल्याने मोडेमसाठी एक लहान बॅटरी घ्यावी लागली, जिची सूचना जोडणी देतेवेळीच मिळणे रास्त झाले असते. आईची अडचण वेगळी होती. डिशवरील वाहिन्यांचे क्रमांक तिला मुखोद्गत होते, ते सारे नव्या पेटीत बदलले. रिमोटमध्ये बोलून आज्ञा देण्याची सोय आहे, असे नात कौतुकाने सांगू लागताच, “बाकीचे राहू दे, सह्याद्री कुठे आहे ते आधी दाखव,” असे आई म्हणाली. नातीने आवडीच्या वाहिन्यांची यादी करून सह्याद्री पहिल्या स्थानी आणून ठेवली, तेव्हा तो प्रश्न सुटला.

श्रावणात मात्र फणसाची फांदी तारेवर पडली आणि मोडेमवर तांबडा दिवा लागला. तक्रार फोनवर रुजू झाली, क्रमांक मिळाला, आणि तार तुटलेलीच असताना ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला. याचा मला संताप आला, आणि तो अद्याप शमलेला नाही. करमणूक दोन दिवस बंद राहिली तर बिघडत नाही. परंतु २०२० साली याच तालुक्यातील मुले मोबाईलला नेटवर्क मिळावे म्हणून भर पावसात डोंगर चढून वर्गाला हजेरी लावीत होती, हे ज्याने ऐकले आहे त्याला या तारेची किंमत सांगावयास नको. आज त्याच तारेवर नातीचा अभ्यास आहे, शेजारच्या तरुणाची नोकरी आहे. अखेर तोच तंत्रज्ञ भर पावसात शिडी घेऊन आला आणि छत्रीखाली त्याने सांधा जोडून दिला.

जोडणी आम्ही कायम केली आहे आणि वर्षाचे पैसे भरले आहेत. त्याचबरोबर वाड्यातील ग्राहकांच्या सह्यांनिशी कंपनीकडे अर्ज धाडला आहे: मृगापूर्वी तारेवरील फांद्या छाटाव्यात, जूनपासून सप्टेंबरअखेर एक तंत्रज्ञ स्प्लायसिंग मशिनसह वाळपईतच तैनात असावा, आणि ग्राहकाने खातरजमा केल्यावाचून कोणतीही तक्रार निकाली काढू नये. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तरासाठी पुढल्या आठवड्यात आम्ही कंपनीच्या दफ्तरी जाणार आहोत.